खो-खोचें आक्रमण आणि बसलेले आठ गडी

हिवाळा सुरू झाला, म्हणजे नागपुरांतील शाळाशाळांतून आंतरशालेय सामन्यांची तयारी चालूं होते, आणि तिच्याबरोबर दरसाल एक तक्रारहि ऐकूं येते: "आमच्या संघांत खरे गडी दोनच, बाकीचे नुसते भरतीचे. मग आक्रमण करावें तरी कसें?" ही तक्रार आम्हीं क्रीडाशिक्षकांकडून ऐकली आहे, पालकांकडून ऐकली आहे, आणि खरें सांगावयाचें तर एके काळीं ती आमच्याच तोंडीं होती. आज ती आम्हांस चुकीची वाटते. ती कां चुकीची वाटते, हें खो-खोच्या खेळापुरतें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हॉकींत किंवा फुटबॉलमध्यें कच्चा गडी थोडाबहुत लपवितां येतो. त्याला एका कडेस उभा करावा, चेंडू शक्यतों त्याच्याकडे जाऊं देऊं नये, आणि कसाबसा वेळ काढावा. खो-खोंत ही सोय नाहीं. नऊ गड्यांपैकीं आठजण मधल्या पाटींत, एकाआड एक उलट दिशांस तोंडें करून बसलेले; नववा पाठलागावर. हा नववा कितीहि चपळ असला, तरी मधली पाटी ओलांडण्याची त्याला मुभा नाहीं, आणि एकदां धरलेली दिशा खुंटापर्यंत गेल्यावांचून त्याला बदलतां येत नाहीं. पळणारा मात्र मोकळा. दोन बसलेल्या गड्यांमधून त्यानें एक पाऊल टाकलें, कीं तो पलीकडे. त्या क्षणीं आमच्या उत्तम गड्याचा सारा वेग फुकट जातो, आणि उपयोगीं पडतो तो पलीकडे तोंड करून बसलेला मुलगा. बहुधा ज्याचें नांव कोणी घेत नाहीं असा.

विद्यार्थिमित्रांनीं थोडा हिशेब करून पाहावा. आठांपैकीं चौघांचीं तोंडें एका बाजूस, चौघांचीं दुसऱ्या बाजूस. समजा, संघांत तीन गडी कच्चे आहेत, आणि ते तिघेहि नकळत एकाच बाजूस तोंड करून बसले. तर त्या बाजूस कामाचा असा एकच गडी उरला! प्रतिपक्ष आंधळा नसतो. दोन मिनिटांत त्याला उमगतें, कीं ह्या अंगणांत आपण हवा तितका वेळ सुखानें फिरूं शकतों.

असे हाल आमच्याच तालमींतल्या एका संघाचे झालेले आम्हीं पाहिले आहेत. शर्यतींत नेहमीं पहिला येणारा एक मुलगा त्या संघांत होता. साऱ्या आक्रमणाची मांडणी आम्हीं त्याच्याभोंवतीं केली. इतरांस ताकीद एवढीच, कीं खो मिळाला तर तो लौकर त्याच्याकडे पोंचवावा. प्रतिपक्षाचा एक पळणारा, तसा साधारणच, दर खेपेस मधल्या दोन चौकोनांपाशीं येऊन घुटमळूं लागला. तेथें आमचे दोन मंद गडी शेजारींशेजारीं बसले होते. त्यांना खो देणें आमच्या धांवपटूच्या जिवावर येई. तो तसाच खुंटापर्यंत धांवून वळसा घेई, आणि तोंवर पळणारा पुनः अलीकडे आलेला असे. नऊ मिनिटांची पाळी संपली तेव्हां आमचा उत्तम गडी धापा टाकीत होता, आणि त्या दोघांच्या अंगाला घामहि आला नव्हता. सामना हरलों, त्याचें दुःख थोडें. त्या दोघांपैकीं एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलाच नाहीं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

तेव्हांपासून आम्ही बैठकीचा विचार आधीं करूं लागलों. खुंटाला लागून असलेल्या चौकोनांत लांब हातांचे, सूर मारण्यास न भिणारे गडी बसवावेत. कारण पळणाऱ्याला खुंटाकडे रेटीत नेलें, म्हणजे बाद करण्याची संधि तेथेंच विशेष मिळते. कच्चे गडी शेजारींशेजारीं नसावेत, आणि ते सारे एका दिशेसहि नसावेत. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांस चलाख सोबती असावेत. मंद मुलाकडून लांब पाठलागाची अपेक्षा करणें म्हणजे त्याचें हसें करून घेणें होय. त्याला इतकेंच शिकवावें, कीं खो मिळतांच झटकन् उठ, दोन-तीन पावलें टाकून पळणाऱ्याला हलव, आणि तो वळण्याच्या आंत योग्य दिशेस बसलेल्याला खो दे. एवढें ज्याला साधलें, तो मुलगा मंद राहिला तरी संघाला भार होत नाहीं.

आणि हें साधतें. पाठीस स्पर्श आणि तोंडानें "खो" हीं दोन्ही एकाच वेळीं झालीं पाहिजेत. खो मिळण्यापूर्वीं बसलेल्यानें उठूं नये. एवढ्यासाठीं वेगाची गरज नाहीं, लक्षाची आहे. सरावासाठीं आम्ही चालता खो-खो खेळतों: पळणारे आणि पाठलाग करणारे, सर्वांनीं फक्त चालावयाचें. प्रारंभीं मुलांना हसूं येतें. परंतु पायांचा वेग काढून घेतला, म्हणजे कोणाचें डोकें कोठें चालतें तें लख्ख दिसतें. शर्यतींतला पहिला गडी भलत्याच दिशेच्या मुलाला खो देऊन मोकळा होतो, आणि एरवीं मागें राहणारा एखादा मुलगा खो देण्याची नुसती हूल दाखवून पळणाऱ्याला चुकीच्या बाजूस घालवितो. सकाळीं थंडींत अर्धा तास हा खेळ, आणि मग नुसतें बसल्या जागेवरून उठण्याचा सराव, एवढें आठवड्यांतून तीनदां केलें तरी पुष्कळ. नागपुरी उन्हाळ्यांत अर्थात् ह्यांतलें कांहींच शक्य नाहीं.

आतां एका नव्या मोहाविषयीं. २०२२ सालीं पुण्यास खो-खोची जी व्यावसायिक लीग सुरू झाली, तिच्या नियमांत 'वजीर' नांवाचा एक गडी आला. त्याला पाठलाग करतांना वाटेल त्या दिशेस वळण्याची सवलत असते. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारतानें नेपाळला अंतिम सामन्यांत हरविलें, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. मुलांना त्याचें कौतुक वाटावें हें योग्यच, आम्हांसहि वाटलें. पण तेव्हांपासून शाळाशाळांच्या संघांतून प्रत्येकास वजीर व्हावयाचें आहे! प्रेक्षकांसाठीं रचलेल्या, निवडक खेळाडूंच्या स्पर्धेंत वजीर शोभतो. शाळेच्या संघांत निवड करावयाची ती वर्गांत असलेल्या मुलांतूनच. तेथें वजीर मानण्याची चाल पडली, कीं उरलेले गडी आपोआप प्यादीं ठरतात, आणि प्यादीं एकदां मनानें बसलीं म्हणजे खो मिळाला तरी उठत नाहींत.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी सामन्याहून घरीं आली, कीं पहिला प्रश्न येतो, "किती गडी बाद केलेस?" प्रश्न मायेचा आहे, परंतु त्यानें आमचें काम दुप्पट होतें. गडी बाद करणारा हात एकाचा असतो. त्याच्यापूर्वीं सहा-सात खो पडून पळणारा दमलेला, कोंडलेला असतो, आणि ते खो कोणाचे होते ह्याची नोंद गुणपत्रकावर राहत नाहीं. प्रश्नच विचारावयाचा तर "खो कोणाला दिलास, आणि त्यालाच कां?" असा विचारावा. उत्तर देतांना मुलाला विचार करावा लागेल.

आमच्या सरावाच्या वहींत पूर्वीं एकच रकाना असे: कोणीं किती बाद केले. आतां दुसरा घातला आहे: कोणाच्या खोनंतर गडी बाद झाला. गेल्या मोसमांत एका मुलाचा पहिला रकाना अखेरपर्यंत कोराच राहिला. दुसऱ्यांत मात्र त्याच्याइतक्या खुणा कोणाच्याहि नव्हत्या. बक्षिसाच्या यादींत त्याचें नांव बसेना, कारण बक्षिसें अजून पहिल्याच रकान्यावरून दिलीं जातात. ह्या हिवाळ्यांत ती पद्धत बदलावी असें आम्हीं सुचविलें आहे. निर्णय व्हावयाचा आहे. तोंवर वही क्रीडासाहित्याच्या खोलींत ठेविली आहे, आणि ज्या पालकांस ती पाहावयाची असेल त्यांनीं सकाळच्या सरावाच्या वेळीं अवश्य यावें.