जेसन, तात्या विंचू आणि आपली पोरं

मंडळी, पोस्ट जरा लांब झालीये, पण वाचा आणि पटलं नाही तर खुशाल भांडा.

गेल्या शनिवारी आमची १३ वर्षांची लेक मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला गेली होती. रात्री दोनला फोन. "आई, घ्यायला ये ना." पोरींनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा सहावा भाग लावला होता, १९८६ चा. थडग्यातल्या जेसनच्या प्रेतावर वीज पडते, तो उठतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो, तोच. दुसऱ्या दिवशी मी हे आपल्या आई-बाबांच्या ग्रुपवर सांगितलं तर पटापट उत्तरं आली: "स्लीपओव्हर बंदच कर", "इकडच्यांना काही ताळतंत्रच नाही."

आपल्याला होतं का हो? १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा तुमच्यातले निम्मे दुसरी-तिसरीत असतील. मरता मरता एक गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि लोकांच्या जिवावर उठतो. कल्पनाही इकडच्याच 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेली. आपल्या आया सोबत बसून बघत होत्या. कपाटावरची बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवली की झोप लागायची. रक्तपात त्यात फारसा नव्हता आणि लक्ष्या हसवायला होता, हे मान्य. जेसनचे सिनेमे इथे 'आर' आहेत, १७ च्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच बघायचे. म्हणून त्या मैत्रिणीच्या आईशी मी बोलले. अवघड वाटलं, पण बोलले. पुढच्या वेळी काय लावणार ते आधी विचारणार, एवढंच.

पण बंदी? आज तिने दोन वाजता मला फोन केला. उद्या ओरडा बसेल म्हणून केला नाही तर? माझी झोप त्या विचाराने उडाली.

त्यात जुलैमध्ये तिला पहिल्यांदाच दोन आठवडे कॅम्पला पाठवतोय. आणि या मालिकेचं मूळ कॅम्पच आहे. १९८० चा पहिला भाग जेमतेम साडेपाच लाख डॉलरमध्ये, न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनजवळच्या खऱ्याखुऱ्या स्काउट कॅम्पवर काढला. (जर्सीकरांनो, तुमच्याच राज्यात!) त्यात खुनी जेसन नाहीच. खुनी त्याची आई. तिचा मुलगा कॅम्पच्या तळ्यात बुडाला, कारण लक्ष ठेवणारी तरुण मंडळी आपल्याच नादात होती. तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तर थेट तिसऱ्या भागात येतो. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कोणी बघतच नव्हतं त्याच्याकडे?"

सोमवारी मी कॅम्पला फोन केला. तळ्यावर लाइफगार्ड किती, एका केबिनमागे मोठं माणूस कोण, रात्री पोरीला भीती वाटली तर ती कोणाला उठवणार. फॉर्म भरताना यातलं काहीच विचारलं नव्हतं, फी मात्र दोनदा विचारली होती.

सहाव्या भागात कॅम्पवर लहान मुलं आहेत आणि जेसन त्यांना हात लावत नाही. लेक त्याआधीच निघून आली होती. येत्या शुक्रवारी आम्ही दोघी दिवे चालू ठेवून उरलेला सिनेमा बघणार आहोत. बाबा म्हणतात, मला ऑफिसचं काम आहे.