आपणच आपले बिल्डर होताना : स्वयंपुनर्विकासाच्या उंबरठ्यावर काही इशारे

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. १९७४ ची दंगल याच चाळींनी सोसली, पँथरचे कितीतरी कार्यकर्ते इथेच घडले. त्यामुळे हा आनंद आपलाही आहे.

पण तिथे म्हाडा आणि सरकार पाठीशी होते. आपल्या बहुतेक वस्त्यांतल्या तीस-चाळीस घरांच्या छोट्या सोसायट्यांच्या मागे असे कोणी नाही. बिल्डरला त्यात फारसा नफा दिसत नाही. आणि जो येतो, तो अनेकदा इमारत पाडून, दोन वर्षे भाडे देऊन गायब होतो. म्हणून सभांमध्ये आता एकच प्रश्न ऐकू येतो : आपली इमारत आपणच बांधली तर?

याला स्वयंपुनर्विकास म्हणतात. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा संस्थांना जादा चटईक्षेत्र, प्रीमियममध्ये सवलत आणि एक खिडकी योजना देऊ केली. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारखी संस्था त्यासाठी कर्जही देते. मार्ग चांगला आहे. बिल्डरच्या खिशात जाणारा नफा सभासदांना मोठे घर आणि मोठा कॉर्पस निधी देऊ शकतो. मात्र नफ्यासोबत बिल्डरची जोखीमही आपल्याकडे येते, हे सभेत कोणी मोठ्याने सांगत नाही. गेली काही वर्षे आम्ही मुंबई-ठाण्यातल्या अशा सभांना बसतो, कागद वाचून देतो. तिथे वारंवार दिसलेल्या चुका तरुण कार्यकर्त्यांसमोर ठेवत आहोत.

आधी जमीन कोणाची, ते पाहा

पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीत आम्ही गेलो तेव्हा कार्यालयाच्या भिंतीवर नव्या टॉवरचे रंगीत चित्र लागलेले होते. कोणता मजला कोणाला, यावर वादही सुरू होते. प्रॉपर्टी कार्ड मात्र कोणी काढले नव्हते. ते काढल्यावर कळले, जमीन सरकारी, भोगवटादार वर्ग-२ ची. मधल्या काळात सात घरे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय स्टॅम्प पेपरवर विकली गेली होती. त्या सात कुटुंबांचे सभासदत्व नियमित होईपर्यंत पुढचे सगळे ठप्प झाले. चित्र अजून भिंतीवर आहे.

ही एका सोसायटीची गोष्ट नाही. मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांना जमिनी देण्याची योजना १९४९ पासूनची. त्या जमिनी आपल्या आधीच्या पिढीने खेटे घालून मिळवल्या. अशा जमिनीवर विक्री, हस्तांतर आणि पुनर्विकास यांना पूर्वपरवानगी लागते. खासगी जमिनीवरच्या सोसायटीत वेगळी अडचण असते : इमारत सभासदांची, पण जमीन अजून मूळ बिल्डरच्या किंवा मालकाच्या नावावर. तिथे १९६३ च्या मोफा कायद्याखाली डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज हीच पहिली पायरी. जमिनीचा कागद स्वच्छ नसेल तर बँक दारातही उभी करत नाही.

चौरस फुटांआधी महिन्याचा हिशोब

सभेत सगळ्यात जास्त टाळ्या 'किती चौरस फूट मिळणार' या आकड्याला पडतात. आम्ही दुसरा आकडा मांडायला सांगतो : काम एक महिना लांबले तर काय होईल?

एक उदाहरण घेऊ. ४० सभासद, प्रत्येकाला दरमहा ३०,००० रुपये भाडे. महिन्याला १२ लाख, तीन वर्षांत ४ कोटी ३२ लाख. बांधकामासाठी २० कोटींचे कर्ज १२ टक्क्यांनी उचलले असेल, तर व्याज महिन्याला २० लाख. म्हणजे एका महिन्याच्या उशिराची किंमत ३२ लाख, दर घरामागे ८०,००० रुपये. वर्षभर उशीर झाला तर हाच आकडा घरामागे साडेनऊ लाखांच्या पुढे जातो. तो कोणाच्या खिशातून येणार? जादाचे फ्लॅट विकून येईल, असे उत्तर मिळते. पण बाजार थंड असला तर फ्लॅट विकले जात नाहीत. व्याज मात्र थांबत नाही.

म्हणून व्यवहार्यता अहवाल दोनदा करून घ्या. एकदा अपेक्षेप्रमाणे, एकदा विक्रीचा दर १५-२० टक्के कमी आणि काम वर्षभर लांबले असे धरून. दुसऱ्या हिशोबातही सोसायटी तगत असेल तरच पुढे जा. नाहीतर प्रत्येकी पन्नास चौरस फूट कमी घ्या, पण इमारत पूर्ण करा.

नाव आपले, ताबा दुसऱ्याचा

अलीकडे एक नवा प्रकार दिसतो. कंत्राटदार येतो आणि म्हणतो, 'बँकेची भानगड नको, पैसेही मीच लावतो.' मोबदल्यात तो विक्रीचे सगळे फ्लॅट आणि कुलमुखत्यारपत्र मागतो. हा स्वयंपुनर्विकास नव्हे. हा बिल्डरच आहे. फरक इतकाच, की सरकारदरबारी जबाबदारी सोसायटीच्या नावावर राहते.

आर्किटेक्ट, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार आणि कंत्राटदार हे तिघे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. सल्लागाराचे काम कंत्राटदाराचे बिल तपासणे असते. दोघे एकाच घरातले असतील तर तपासणार कोण? निविदा काढा, बँक गॅरंटी घ्या, झालेल्या कामाचे प्रमाणपत्र पाहूनच हप्ता सोडा. समितीतल्या कोणाचा मेहुणा स्वस्तात करून देतो म्हणत असेल, तर त्यानेही निविदाच भरावी.

खुर्ची बदलली की कायदाही बदलतो

सभासदांना देऊन उरलेले फ्लॅट बाहेरच्यांना विकायचे म्हटले, की अगदी छोटे प्रकल्प वगळता महारेराची नोंदणी आलीच. नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करावे लागतात. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्तीची जबाबदारी सोसायटीची. बिल्डरविरुद्ध मोर्चे काढणारे आपण आता कोणासाठी तरी बिल्डर असतो. घामाचे पैसे घालून घर घेणारे नवे कुटुंब उद्या आपल्याच दारात तक्रार घेऊन उभे राहू शकते, हे लक्षात ठेवूनच सही करा.

सभा नीट चालली, तर इमारत उभी राहते

४ जुलै २०१९ च्या ७९-अ निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला सभेत दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. कायद्याला ५१ पुरतात, पण इमारत रिकामी करायला १०० लागतात. डावललेला एक सभासद घर सोडत नाही, कोर्टात जातो आणि वर्ष निघून जाते. वर केलेला हिशोब इथे आठवा.

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे भिक्खू संघाला माहीत होते. आपल्या सोसायट्यांच्या सभा मात्र चार माणसांच्या कुजबुजीत उरकतात आणि इतिवृत्त नंतर लिहिले जाते. इतिवृत्त मराठीत लिहा, आठवड्यात सगळ्यांना द्या. बायकांना येता येईल अशी वेळ ठेवा. घर चालवणाऱ्या बाईला भाड्याचा हिशोब समितीपेक्षा लवकर कळतो, असा आमचा अनुभव आहे. विरोध करणाऱ्याला 'बिल्डरचा माणूस' म्हणण्याआधी त्याच्या प्रश्नाचे लेखी उत्तर द्या.

चावी मिळाल्यानंतर

लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक : नव्या इमारतीचा देखभाल खर्च जुन्या चाळीच्या कितीतरी पट असतो. पेन्शनवर जगणारी आजी, नाका कामगार, घरकाम करणारी ताई हा खर्च कुठून भागवणार? कॉर्पस निधी रोख वाटून टाकला की काही वर्षांत हीच कुटुंबे घर विकून बदलापूर-वांगणीला जाताना आम्ही पाहिली आहेत. मग पुनर्विकास कोणाचा झाला? कॉर्पसचा मोठा भाग ठेवीत राहावा आणि व्याजातून देखभाल भागावी, असा ठराव इमारत पाडण्याआधीच करून घ्या.

आवारातले विहार आणि अभ्यासिका यांचेही तसेच. 'नंतर बघू' म्हटलेली जागा पार्किंगमध्ये जाते. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपल्या मुलांच्या अभ्यासाची जागा नकाशात दाखवून घ्या आणि करारात लिहून घ्या.

हे सगळे वाचून स्वयंपुनर्विकास नकोच, असे कोणाला वाटू नये. जिथे लोकांनी वेळ घेऊन, हिशोब उघडा ठेवून काम केले तिथे तो जमतो. गावकुसाबाहेरून येऊन शहरात मिळवलेली ही जमीन पुढच्या पिढीच्या नावावर राहायची असेल, तर ही विद्या शिकावीच लागेल. सुरुवात या महिन्यातच करा. तुमच्या वस्तीतले दोन-तीन शिकलेले तरुण एकत्र या आणि चार कागद गोळा करा : प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची अद्ययावत यादी आणि गेल्या तीन वर्षांचे ऑडिट. यातला एकही कागद सापडत नसेल, तर टॉवरचे चित्र काढायची घाई करू नका.

जय भीम.