फोन सेविकेच्या हातात द्यायचा, तर निवडही तिलाच करू द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, एकात्मिक बालविकास सेवा योजना
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर



अंगणवाडी सेविकांसाठी पुन्हा कधी फोनखरेदीची फाईल हलेल, तेव्हा निविदेचा मसुदा टाईप होण्याआधी हे पत्र वाचले जावे, म्हणून ते जाहीरपणे लिहितो आहे. मागणी एवढीच की फोन कोणता घ्यायचा हे सेविकेला ठरवू द्या, पैसे थेट तिच्या खात्यात जमा करा आणि तो फोन तिच्या कामाला जुळवून देण्याची जबाबदारी विभागाने उचला.

मी छत्रपती संभाजीनगर शहरात संगणक शिकवतो. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या तालुक्यांतल्या काही सेविका आपापले फोन घेऊन येतात आणि आम्ही मिळून ते लावून घेतो. पुढचे बरेचसे या बैठकांमध्ये पाहिलेले आहे.

आधी झालेले पाहू. २०१९ मध्ये राज्याने अंगणवाड्यांसाठी एक लाख वीस हजारांहून अधिक फोन घेतले. खर्च शंभर कोटींच्या वर गेला. मुंबईच्या चाळीतल्या अंगणवाडीला आणि सोयगावच्या डोंगराखालच्या अंगणवाडीला एकच मॉडेल, रॅम २ जीबी. अकरा रजिस्टरे लिहिण्याचा त्रास कमी होईल या आशेने सेविकांनी ते फोन घेतले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने नोंदींचे जुने ॲप बंद करून पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले. ते तेव्हा इंग्रजीत होते आणि हातातल्या फोनला पेलत नव्हते. त्याच वर्षी फोनची वॉरंटीही संपली. फोन तापायचे, हँग व्हायचे आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्याच माथी यायचा. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. ‘मोबाईल वापसी’ म्हणून ते आंदोलन सगळ्यांना आठवत असेल. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्या आंदोलनाची नोंद कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत झाली आणि तिथेच राहिली. माझ्या दृष्टीने मात्र ती सरकारी फोनची आजवरची सर्वांत मोठी चाचणी होती. वापरणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे रोज वापरून निकाल दिला, कारणे सांगितली, वस्तू पुराव्यासकट समोर ठेवली. पुढच्या खरेदीत काय हवे आणि काय नको, हे शोधायला कुठल्या सल्लागार कंपनीची गरज नाही. ती निवेदने आपल्या कपाटांत असतील, ती काढून वाचा.

२ जीबी रॅमने नेमके काय होत होते, तेही सांगतो. अँड्रॉइड स्वतः आणि त्याच्यासोबतच्या गूगलच्या सेवा या रॅममधला मोठा वाटा आधीच घेतात. उरलेल्या जागेत एका वेळी एखादेच मोठे ॲप नीट चालते. सेविकाताई बाळाचे वजन भरतात, उंची भरतात, मग फोटोसाठी कॅमेरा उघडतात. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून अँड्रॉइड मागे राहिलेले ॲप परस्पर बंद करून टाकते. फोटो काढून परत यावे, तर फॉर्म कोरा! ताई म्हणतात, ‘माहिती उडाली.’ सुपरवायझर मॅडम म्हणतात, ‘तुम्ही सेव्ह केलं नसेल.’ दोघींपैकी कुणीच खोटे बोलत नाही. अर्धवट भरलेला फॉर्म जपून ठेवण्याची सोय ॲप बनवणाऱ्याने करायची असते आणि ती आहे की नाही, हे स्वस्तातल्या फोनवर मुद्दाम तपासायचे असते. शहरातल्या कार्यालयात महागड्या फोनवर चाचणी घेतली तर हा दोष दिसणारच नाही.

आता काम आणखी जड झाले आहे. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार, म्हणजे टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळवणे बंधनकारक झाले. कॅमेरा, नेट आणि ॲप तिन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत, तेही पाकीट घ्यायला आलेली बाई कडेवर लेकरू घेऊन उभी असताना. त्याआधी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी करताना आधारचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर जातो आणि नवरा वाळूजला कंपनीत ड्युटीवर असतो. हा गुंता कुठलाही फोन सोडवू शकत नाही, तो नियम करणाऱ्यांनीच सोडवायचा आहे. पण निदान फोनने तरी अडवू नये.

मराठवाड्यासाठी फोन निवडताना एक गोष्ट मला कुठल्याच निविदेत लिहिलेली दिसली नाही, ती म्हणजे ऊन. बऱ्याच कंपन्या फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि कित्येक अंगणवाड्यांवर पत्रे आहेत. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग वेग कमी करतो, शेवटी कॅमेराच उघडायला नकार देतो. उन्हात स्वच्छ दिसणारा पडदा, टिकणारी बॅटरी आणि गरम झाल्यावरही चालणारा कॅमेरा या इथल्या गरजा आहेत. मुंबईत बसून मॉडेल ठरवणाऱ्याला त्या सुचणार नाहीत, पण गंगापूरच्या सेविकेला दुकानात उभे राहून त्या पटकन सुचतात. मी पाहिले आहे. ताई दुकानातून फोन घेऊन बाहेर रस्त्यावर येतात, डोक्यावर ऊन असताना पडदा वाचता येतो का बघतात, आणि मगच भाव विचारतात.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. औरंगपुरा, पैठण गेट किंवा सिडकोतल्या कॅनॉटमध्ये लोकप्रिय फोनचा डिस्प्ले बहुधा त्याच दिवशी बदलून मिळतो. कन्नडच्या किंवा सिल्लोडच्या बसस्टँडजवळचा दुरुस्तीवालाही तो मागवून देतो. सरकारने एकगठ्ठा घेतलेले मॉडेल बाजारात कुणी वापरतच नसेल, तर त्याची बॅटरी, काच, चार्जिंगची पट्टी कुठल्याच दुकानात सापडत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला की कंपनीने मॉडेल विकणे थांबवल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची अपडेट्स मिळाली पाहिजेत. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल, पण विभागाला आपल्या खरेदीपुरती ही अट घालायला कुणी अडवलेले नाही. दहा-पंधरा हजारांच्या काही फोनवरही आता चार वर्षांच्या अपडेट्सची हमी मिळते. ज्या फोनमध्ये गावातल्या प्रत्येक लेकराचे वजन, आधार आणि आईचा फोटो साठतो, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसेल तर तो स्वस्त कसा म्हणायचा?

मग एकच मॉडेल लादण्याऐवजी खात्यात पैसे का देऊ नयेत? शेतकऱ्याला औजारासाठी अनुदान देताना हेच राज्य महाडीबीटीवरून अर्ज घेते, शेतकरी मान्य यादीतले यंत्र आपल्या पसंतीने घेतो, बिल दाखवतो आणि पैसे खात्यात येतात. सेविकेवर एवढा विश्वास का नसावा? किमान अटी विभागाने ठरवाव्यात: रॅम ६ जीबी, साठवण १२८ जीबी, चार वर्षांची सुरक्षा अपडेट्स, आणि सेवा केंद्र निदान जिल्ह्याच्या ठिकाणी. त्या अटींत बसणारा कुठलाही फोन सेविकेने घ्यावा. दुरुस्ती आणि रिचार्जची वेगळी तरतूद दरवर्षी असावी, तिच्या मानधनातून नको. एकगठ्ठा खरेदीत दर कमी पडतो, हा हिशेब मला ठाऊक आहे. पण जे फोन परत आले त्यांची किंमत त्या हिशेबात कुणी धरली?

आता फोन जुळवून घेण्याविषयी, कारण चांगला फोनही खोक्यातून काढला तसाच दिला तर अर्धा वाया जातो. मागच्या हिवाळ्यात फुलंब्रीकडच्या एका ताईंचा फोन आम्ही असा लावला. ‘स्टोरेज फुल्ल’ अशी तक्रार होती. बघितले तर साठवण व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधल्या शुभ सकाळच्या चित्रांनी आणि भाषणांच्या व्हिडिओंनी भरलेली. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय आधी बंद केली. फोनसोबत आलेले खेळ आणि खरेदीची ॲप्स काढता आली तेवढी काढली, जी निघेनात ती निष्क्रिय केली. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या जाहिराती थांबवल्या. पोषण ट्रॅकर सोडून बाकीच्यांना मोबाईल डेटावर अपडेट होण्यापासून रोखले, कारण ताईंचे दिवसाचे नेट ॲप उघडण्याआधीच संपत होते. सेटिंगमधून भाषा मराठी केली, अक्षर मोठे केले. कळफलकावर मराठी हस्ताक्षर सुरू केले, तेव्हा ताईंनी पडद्यावर बोटाने ‘भाग्यश्री’ लिहिले आणि ते जोडाक्षरासकट जसेच्या तसे उमटले. मराठीत बोलून टाईप करण्याची सोय गूगलने २०१७ सालीच दिली आहे. तीही सुरू केली. तासाभराचे काम. फोन तोच, पण फॉर्म भरून होईपर्यंत तो अडकला नाही.

हे काम कुणाच्या भलेपणावर सोडू नका. प्रत्येक प्रकल्पात वर्षातून एकदा फोन लावून देण्याचा दिवस ठेवा, मराठीत, हातात फोन घेऊन. पडद्यावर स्लाइड दाखवून हे शिकवता येत नाही.

एक नाजूक मुद्दा घरातला आहे. संध्याकाळी ताईंचा फोन मुलाच्या हातात असतो, अभ्यासाला किंवा खेळायला. त्यात ताईंचा दोष नाही, घरात तेवढा एकच बरा फोन असतो. अँड्रॉइडमध्ये एकाच फोनवर दोन वापरकर्ते वेगळे ठेवण्याची सोय २०१४ पासून आहे, पण बऱ्याच कंपन्या ती आपल्या फोनमध्ये देतच नाहीत. किमान अटींमध्ये ही एक ओळ वाढवा. सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांच्या याद्या आणि मुलाचा गेम एकाच पडद्यावर राहणार नाहीत.

आणि भाषा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी-हिंदीशिवाय आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. म्हणजे २०२१ मध्ये सेविकेच्या हातातला फोन मराठी जाणत होता, सरकारी ॲपच जाणत नव्हते. आज पोषण ट्रॅकर मराठीत आहे, ही चांगली गोष्ट आहे. पुढचे कुठलेही ॲप मराठीशिवाय गावात पाठवणार नाही, एवढे आपण लिहून द्यावे. सेविकेचा प्रोत्साहन भत्ता ॲपमधल्या नोंदींशी जोडलेला आहे. तिला वाचता येत नाही अशा पडद्यावरून तिचे पैसे ठरू नयेत.

पुढची फाईल मंत्रालयात जाण्याआधी अटींत बसणारे चार-पाच वेगवेगळे फोन सोयगाव, कन्नड, वैजापूर आणि शहरातल्या एका वस्तीतल्या सेविकांना महिनाभर वापरायला द्या, शक्यतो मे महिन्यात. त्यांनी लिहिलेले अभिप्राय निविदेच्या कागदांना जोडा. हे फोन लावून द्यायला आणि अभिप्राय लिहून घ्यायला मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला येऊ. जिल्हा परिषदेने दिवस कळवावा.

आपला,
एक संगणक शिक्षक
छत्रपती संभाजीनगर