फाटकाच्या आतला कायदा

जून उलटून महाविद्यालयांचे वर्ग भरू लागले की सूचनाफलकांवर जी पहिली पत्रके झळकतात, त्यांत वाहनांविषयीचे एक पत्रक हमखास असते. विद्यार्थ्यांनी दुचाकी वाहने आवारात आणू नयेत, आणल्यास दंड होईल, असा त्याचा आशय असतो आणि खाली प्राचार्यांची सही असते. पत्रक लागते, पहारेकरी चार दिवस फाटकाशी उभा राहतो, आणि नव्याचे नऊ दिवस सरले की सारे पूर्ववत चालू होते. वाहने कोठे उभी करावीत हा काय अग्रलेखाचा विषय आहे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु सिन्नरसारख्या गावी या प्रश्नाशी तरुणांचे जीवित आणि कायद्याविषयीचा त्यांचा पहिला अनुभव, ही दोन्ही निगडित झाली आहेत. म्हणूनच आज त्यास आम्ही पहिल्या पानावर स्थान देत आहो.

सिन्नरची स्थिती ध्यानी घेतल्याविना या प्रश्नाचे गांभीर्य कळावयाचे नाही. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, पुण्याच्या हमरस्त्यावर हे गाव वसले आहे, आणि शिर्डीकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे मालमोटारींची आणि कामगारांच्या गाड्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. साहजिकच वावी, नांदूरशिंगोटे, दोडी, ठाणगाव, डुबेरे, पांढुर्ली अशा गावांहून शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींच्या वाट्याला मालमोटारींच्या गर्दीचे जुनेच रस्ते येतात. पुष्कळ घरी पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर जाणारी मोटारसायकलच पुढे मुलाला महाविद्यालयात नेते. त्या कुटुंबाच्या दृष्टीने ती गाडी चैनीची वस्तू खासच नव्हे.

या रस्त्यांचा लौकिक कसा आहे हे आठवण्यास फार मागे जावयास नको. डिसेंबर २०२२ मध्ये मोहदरी घाटात मोटारीला झालेल्या अपघातात महाविद्यालयात शिकणारी पाच मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच, १३ जानेवारी २०२३ रोजी, पाथरेजवळ शिर्डीकडे निघालेली बस आणि मालमोटार यांची टक्कर होऊन दहा प्रवासी प्राणांस मुकले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतील शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती, असे केंद्र सरकारच्याच अहवालात नमूद आहे. दुचाकीवरून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोणत्या धोक्यातून रोज जातो, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

आता या पार्श्वभूमीवर ते पत्रक पुन्हा वाचून पाहावे. वाहन आवारात आणू नये, एवढेच ते सांगते. मग ते न्यावे कोठे, याविषयी ते मौन पाळते. विद्यार्थी वाहन घरी ठेवू शकत नाही, कारण वर्गाच्या वेळेला पोहोचविणारी एसटी त्याच्या गावाहून सुटत नाही. फाटकातून आत नेऊ शकत नाही, कारण पहारेकरी अडवितो. तेव्हा तो ते रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीशी किंवा एखाद्या दुकानाच्या पायरीखाली उभे करतो. पाहता पाहता अशा शंभर वाहनांची रांग लागते. पायी चालणाऱ्या मुली रस्त्याच्या मध्याकडे ढकलल्या जातात आणि त्यांच्या खांद्याला घासून मालमोटारी धावतात. महाविद्यालयाचे आवार स्वच्छ आणि शिस्तशीर दिसते, त्या शिस्तीची किंमत मात्र फाटकाबाहेर मोजली जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार होय.

आवार हे संस्थेचे खासगी घर आहे, तेथील वाहतुकीशी कायद्याचा संबंध काय, असा एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो टिकणारा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या दिलेली आहे. जनतेला जेथे जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, असा तिचा भावार्थ आहे. प्रवेशावर कोणाचे नियंत्रण असले तरीही जेथे लोकांची ये-जा असते ती जागा या कायद्यापुरती सार्वजनिकच मानावी, असा व्यापक अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विम्याच्या एका प्रकरणात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातच लावलेला आहे. तथापि पोलीस शिपाई महाविद्यालयात शिरून चलन फाडीत नाही, आणि त्याने ऊठसूट तसे करावे असे आम्हीही म्हणणार नाही. विद्येच्या आवारात पोलिसाची गरज भासू नये, हा संकेत चांगलाच आहे. मात्र त्या संकेताबरोबर पोलिसाची जबाबदारी संस्थेच्या शिरावर येते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अकरावी-बारावीची मुले. अठरा वर्षे पूर्ण झाल्याविना मोटारसायकल चालविता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा, आणि तशी गाडी आज बाजारात शोधूनही क्वचितच सापडते. मंदगतीच्या काही विजेच्या गाड्या सोडल्या, तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या दारी उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या कायद्याबाहेरच्या आहेत, हे उघड गुपित होय. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रकरणी पालक किंवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. किती पालकांस हे ठाऊक असेल? प्रवेशाच्या वेळी दहा प्रकारचे दाखले मागणाऱ्या संस्थांनी पालकांपुढे ही एक माहिती ठेवली असती, तर पुष्कळ घरांत वेळीच विचार झाला असता.

सरसकट बंदीचे समर्थक मोठ्या संस्थांचा दाखला देतात. पवईच्या आयआयटीत वसतिगृहातील विद्यार्थ्यांना मोटारसायकल ठेवता येत नाही, मग आम्हीच मुभा का द्यावी, असा त्यांचा सवाल असतो. परंतु पवईचा विद्यार्थी आवारातच राहतो, तेथेच जेवतो आणि वर्गात पायी किंवा सायकलने जातो. सिन्नरचा विद्यार्थी पंधरा-वीस किलोमीटरवरून येतो आणि सायंकाळी परत जातो. निवासी संस्थेचा नियम दिवसाच्या महाविद्यालयाने उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा अंगावर चढविणे होय. पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार चारशे एकरांहून मोठे आहे. जिच्यापाशी जेमतेम एक मैदान आहे, त्या तालुक्याच्या संस्थेने कोणाचे अनुकरण करावे याचा विवेक ठेवला पाहिजे.

बंदीला न्याय्य रूप यावयाचे असेल तर आधी एसटीची सोय झाली पाहिजे. मासिक पासात विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सवलत आहे, आणि ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. योजना उत्तम आहेत. पण पास खिशात असून गाडी वेळेवर नसेल, तर त्या पासाचा उपयोग काय? २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप पुढे २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. तेवढ्या काळात ज्या घरांनी पदरमोड करून जुनी दुचाकी घेतली, त्या घरांतील मुले पुन्हा थांब्यावर येऊन उभी राहावीत, असे वाटत असेल तर महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि आगाराचे वेळापत्रक एकत्र बसून आखावे लागेल. प्राचार्य आणि आगारप्रमुख यांनी वर्षारंभी एक दुपार त्यासाठी दिली, तर शंभर पत्रकांनी साधणार नाही ते साधेल.

आता आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जे पत्रक विद्यार्थ्याला अडविते ते अध्यापकाला, कार्यालयातील लिपिकाला किंवा संस्थेच्या संचालकाला बहुधा अडवीत नाही. विद्यार्थ्याची जुनी मोटारसायकल फाटकाबाहेर धूळ खाते आणि पाहुण्यांच्या मोटारी थेट पोर्चमध्ये, कधी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहतात. रुग्णवाहिका यावयाची झाल्यास तिला वाट उरत नाही. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या प्राध्यापकाला मोटारीसाठी राखीव जागा देतात. तेथे जागेचे मोल एवढे आहे की ती सन्मान म्हणून दिली जाते, आणि मिळविण्यासाठी नोबेल लागते! आमच्याकडे ओळख आणि खुर्ची एवढ्यावर ती मिळते. वयोवृद्धांना, अपंगांना, दूरवरून येणाऱ्या अध्यापकांना जागा राखून ठेवावी, त्यास कोणाचीच हरकत असणार नाही. परंतु तो नियम लेखी असावा आणि सर्वांस वाचता यावा. वर्गात नागरिकशास्त्र शिकवावे आणि फाटकाशी त्याचा उलटा पाठ द्यावा, यातून मुले काय शिकतात हे निराळे सांगावयास नको. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण त्यांना तोंडपाठ असते.

मग करावे तरी काय? आमच्या मते उपाय साधे आहेत. फाटकाच्या आत लगेच, वर्गांपासून व मैदानापासून दूर, दुचाकींसाठी जागा आखावी. तेथून पुढे सर्वांनी पायी जावे, संचालकांनीही. अग्निशामक गाडी व रुग्णवाहिका यांची वाट पांढऱ्या रेषेने आखून ती सदैव मोकळी ठेवावी. वाहन आत घेताना परवाना पाहावा, आणि तो नसेल तर गाडी बाहेर हाकलून देण्याऐवजी पालकांस बोलावून घ्यावे. हेल्मेटाविना कोणासही, प्राध्यापकासही, आत घेऊ नये. त्याबरोबर हेल्मेट ठेवण्यास साधी फळी किंवा कपाट द्यावे. दिवसभर ते हातात वागवावे लागते म्हणून अनेक मुले ते घरीच ठेवतात. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम पोलिसांनी काढली, तेव्हा पंपापुरते उसने हेल्मेट डोक्यावर चढविणारे महाभागही निघाले. ज्या नियमाचा हेतू पटलेला नसतो त्याची गत अशीच व्हावयाची. म्हणून या व्यवस्थेची देखरेख विद्यार्थ्यांच्याच समितीकडे द्यावी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे; गावोगाव शिबिरे भरविणाऱ्या या स्वयंसेवकांना आपल्याच फाटकाशी काम करण्यास कोणती अडचण आहे? आणि दंड घ्यावयाचाच तर त्याचा हिशेब सूचनाफलकावर लावावा.

महाविद्यालय म्हणजे पोलीस ठाणे नव्हे, असे काही प्राचार्य म्हणतील. ते खरेच आहे. म्हणूनच तर त्यांच्याकडून अधिक अपेक्षा. पोलीस दंडाच्या भयाने नियम पाळावयास लावतो. शिक्षकाला तो समजावून, स्वतः पाळून आणि सर्वांना सारखा लावून रुजविता येतो. विद्यार्थ्यांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहेत. एका दुचाकीवर तिघांनी बसून आवारातून भरधाव जाणे हे पराक्रमाचे लक्षण नव्हे. आपल्या गावाहून सोबत येणाऱ्या बहिणींना आणि पायी चालणाऱ्या मित्रांना त्या रस्त्यावर तुमच्याइतकाच हक्क आहे. जागा मागावयाची तर शिस्तीची हमीही दिली पाहिजे.

सिन्नरच्या गोंदेश्वराचे देवालय यादवकाळापासून उभे आहे. त्याच्या प्राकारात शिरणारा मनुष्य, लहान असो वा थोर, पादत्राणे बाहेर काढूनच पुढे जातो. तेथे कोणी पत्रक लावावे लागत नाही, कारण तो नियम सर्वांना एकच आहे आणि त्यामागचा आदर सर्वांना कळतो. विद्येच्या मंदिरात वाहनांचा नियम त्याच रीतीने पाळला जावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी फार पैसा लागणार नाही. दहा गोणी चुना, एक फळी, आगाराशी एक बैठक, आणि आपली मोटार फाटकाशी ठेवून पायी चालत येणारा एखादा संचालक, इतके पुरे. यांतील शेवटची वस्तू दुर्मीळ असली तरी अशक्य नाही. सिन्नरच्या संस्थांनी तिचा शोध याच वर्षी घ्यावा. पुढील अपघाताची वाट पाहून मग शोकसभा भरविण्यापेक्षा ते केव्हाही बरे.