लोणी, तूप आणि ‘ब्राऊन बटर’ : पाक कोठे थांबवावा?

रुग्णास ‘तुपाबरोबर घ्यावे’ असे सांगताना ते तूप कोणी व कोठवर कढविलेले आहे, हे आपल्यापैकी किती वैद्य विचारतात? आम्ही स्वतः अनेक वर्षे विचारीत नव्हतो. गायीचे की म्हशीचे, घरचे की विकतचे, एवढ्यावर आमची चौकशी संपत असे. ती अपुरी होती, हे एका रुग्णाने आम्हांस शिकविले. तो अनुभव व त्यावरून सुचलेले काही विचार वैद्यबंधू-भगिनी आणि औषधनिर्माते यांच्यासमोर ठेवीत आहोत.

ठाणे पूर्वेकडील कोपरी भागात आमचे चिकित्सालय आहे. चेंदणीतील कोळी कुटुंबे, फाळणीनंतर कोपरी वसाहतीत स्थिरावलेली सिंधी कुटुंबे आणि अलीकडच्या उंच इमारतींत राहावयास आलेली नोकरदार मंडळी असा आमचा संमिश्र रुग्णवर्ग. यांतील एका पन्नाशीच्या गृहिणीस जीर्ण त्वचाविकारासाठी वमन देण्याचे ठरले. सात दिवसांच्या स्नेहपानास लागणाऱ्या सिद्ध घृताचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. ‘घरचे साजूक तूप असेल तर तेच वाढत्या मात्रेने घ्या,’ असे आम्ही सुचविले. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी घशाशी जळजळ व आंबट ढेकर. तिसऱ्या दिवशी तूप समोर आणताच मळमळ. आम्ही प्रथम मात्रेला दोष दिला, मग अग्नीला, मग (हे लिहिताना संकोच वाटतो) रुग्णाच्या पथ्यपालनाला. चौथ्या दिवशी त्यांना तुपाची बरणीच घेऊन येण्यास सांगितले.

बरणीतले तूप गडद तपकिरी, तळाशी काळपट गाळ आणि वासाला करपट होते. घरातील सूनबाई केक-बिस्किटांच्या वर्गाला जात होत्या. तेथे शिकलेले ‘ब्राऊन बटर’ त्यांना आवडले आणि घरातले महिन्याभराचे लोणी त्यांनी त्याच रीतीने, किंबहुना थोडे पुढेच नेऊन, कढविले होते. सासूबाईंना ते तूपच वाटले, आणि आम्ही तर पाहिलेच नव्हते. स्नेहपान थांबविले. अग्नी पूर्ववत झाल्यावर योग्य कढविलेल्या तुपाने ते पुन्हा आरंभिले आणि निर्वेधपणे पार पडले. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये हे आम्ही जाणतो. पण एका रुग्णावरून प्रश्न अवश्य विचारता येतो.

हे ‘ब्राऊन बटर’ म्हणजे काय, हे प्रथम पाहू. फ्रेंच पाककलेत त्यास हेझलनट या फळाच्या नावावरून ओळखतात, कारण त्याचा रंग व गंध भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा असतो. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश, १६ टक्क्यांपर्यंत पाणी व उरलेला अल्प भाग दुधातील प्रथिने व शर्करा यांचा असतो. मंद आचेवर लोणी वितळते, मग पाणी उडू लागते व चरचर आवाज येतो. पाणी आहे तोवर लोण्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. ते संपले की आवाज थांबतो, तापमान झपाट्याने वाढते, आणि तळाशी बसलेली प्रथिने व शर्करा परस्परांशी संयोग पावून तपकिरी होऊ लागतात. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिलेली हीच ती प्रक्रिया. पावाचा खरपूस पापुद्रा, भाजलेली कॉफी, भाकरीवरचे डाग, सर्वांच्या मुळाशी ती आहे. या क्षणी भांडे उतरवून, तळाच्या कणांसह सर्व काही दुसऱ्या थंड भांड्यात ओतले म्हणजे ‘ब्राऊन बटर’ तयार झाले. तापलेल्या भांड्यातच ठेवले तर आच बंद केल्यावरही पाक पुढे सरकतो आणि मिनिटाभरात करपतो.

आपल्या स्वयंपाकघरास यात नवीन काही नाही. सायीला विरजण लावून, घुसळून, लोणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन ते कढविताना आजीचा कान चरचरीकडे असे आणि डोळा बेरीच्या रंगाकडे. बेरी गुलाबी झाली की विड्याचे पान टाकून भांडे उतरवावयाचे, तूप गाळून घ्यावयाचे, आणि ती खरपूस बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवावयाची. ‘ब्राऊन बटर’चा सारा स्वाद त्या बेरीत असतो. भेद एवढाच की आपण बेरी व तूप वेगळे करतो आणि युरोपीय पाकात ते एकत्रच राहते. भेद लहान दिसतो, पण वैद्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

स्नेहकल्पनेतील पाकविचार आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केला आहे. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग. कल्क किंचित सरस तो मृदु, नीरस परंतु कोमल तो मध्यम, किंचित कठीण तो खर. त्यापुढे दग्ध, जो दाहकारक व निष्प्रयोजन. तैलसिद्धीच्या वेळी फेस येतो आणि घृतसिद्धीच्या वेळी फेस शमतो, हेही आपण परीक्षेत लिहिले. आता कोणी म्हणेल, ही लक्षणे औषधी कल्काची आहेत, लोणी कढविताना कल्क कोठे असतो? आक्षेप योग्य आहे. आमचे म्हणणे असे की लोण्यातील ताकाचा अंश, म्हणजेच बेरी, येथे कल्काच्या जागी असते. ती पांढरट व मऊ असता मृदु, फिकट तांबूस व रवाळ असता मध्यम, तपकिरी व टणक झाल्यास खर, काळी पडल्यास दग्ध. हे आमचे अनुमान आहे, ग्रंथवचन नव्हे. कोणास ते अमान्य असेल तर त्यांनी याच पृष्ठांतून अवश्य लिहावे.

कोणता पाक कोठे वापरावा याविषयी संहितांत एकवाक्यता नाही. चरकांनी नस्यास मृदु, पान व बस्तीस मध्यम आणि अभ्यंगास खर सांगितला. सुश्रुतांनी पान व भोजनास मृदु, नस्य व अभ्यंगास मध्यम आणि बस्ती व कर्णपूरणास खर सांगितला. या भेदावर पुष्कळ चर्चा होते. परंतु ज्यावर दोघे सहमत आहेत तिकडे आपले लक्ष जात नाही : मुखाने प्राशन करावयाच्या स्नेहास खरपाक दोघांनीही सांगितलेला नाही. घृताचे वैशिष्ट्यच असे की ते स्वतःचे गुण न सोडता संस्कारास अनुसरते. ते ज्याप्रमाणे औषधीच्या संस्कारास अनुसरते, त्याचप्रमाणे अग्नीच्याही अनुसरणारच. शीतवीर्य व पित्तशामक म्हणून जे आपण योजतो, ते करपेपर्यंत तापवूनही तसेच राहील अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करावयाची?

आधुनिक अंगानेही हा विचार निराधार नाही. भारतीय तुपातील ऑक्सिडीभूत कोलेस्टेरॉलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८७ साली एक लेख आला होता व त्यात परदेशस्थ भारतीयांच्या हृद्रोगाशी त्याचा संबंध असावा अशी शंका मांडली होती. त्या एका लेखाने तूप दोषी ठरत नाही. परंतु तूप ही एकच वस्तू नसून तापविण्याच्या रीतीप्रमाणे तिचे स्वरूप बदलते, हा मुद्दा त्यातून घ्यावयास हरकत नाही. दुसरी बाब अधिक व्यावहारिक. नीट कढवून गाळलेल्या तुपात दुधातील प्रथिने अत्यल्प उरतात, ‘ब्राऊन बटर’मध्ये ती मुद्दाम ठेवलेली असतात. दुधाच्या प्रथिनांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी अत्यल्पही धोक्याचेच, मग हे तर सर्वथा वर्ज्य.

याचा अर्थ सूनबाईंच्या नानकटाईवर आम्ही बहिष्कार घालावा असा नव्हे. ती आम्ही चाखली आहे आणि उत्तम होती. आहारद्रव्य म्हणून, अधूनमधून, अग्नी पाहून, खरपूस लोण्यास आमचा आक्षेप नाही. तांदळाची खीर, भाजलेला भोपळा, वाफेवरच्या भाज्या यांवर चमचाभर घालून पाहावे. करावयाचेच तर नीट करावे, म्हणून दोन गोष्टी. लोणी बिनमिठाचे घ्यावे, कारण पाणी उडाल्यावर मीठ एकवटून चव बिघडते. आणि पाण्याबरोबर वजनही उतरते : १०० ग्रॅम लोण्याचे साधारण ८० ते ८५ ग्रॅम उरते. केक करताना तेवढे पाणी वा दूध परत घातले नाही तर तो कोरडा होतो. घरच्या लोण्यात ताकाचा अंश जास्त असल्याने घट आणखी होते व बेरीही अधिक निघते. बेरीसह ठेवलेले हे लोणी शीतकपाटातच ठेवावे, तुपाप्रमाणे फडताळात नव्हे. आमचा आग्रह इतकाच की त्याला तूप म्हणू नये आणि औषधाच्या अनुपानास ते देऊ नये.

आता औषधनिर्मात्यांविषयी. घरातल्या कढईपेक्षा येथील प्रश्न मोठा आहे. एकाच नावाचे सिद्ध घृत, एकाच निर्मात्याचे, दोन वेगवेगळ्या खेपांतले आम्ही शेजारी ठेवून पाहिले. एक हिरवट पिवळे व दुसरे सरळ तपकिरी. एका परिचित निर्मात्यांस विचारले असता त्यांनी मोकळेपणाने सांगितले, ‘वैद्यराज, पाक थोडा पुढे नेला की कल्क सुटा होतो, गाळणे सोपे जाते, तूप कमी वाया जाते, ओलावा राहत नाही आणि बाटलीला बुरशी धरत नाही.’ यातील प्रत्येक कारण खरे आहे. मृदुपाकी घृतात जलांश राहिला तर ते बिघडते, आणि बिघडलेला माल परत येतो तो त्यांच्याकडे, आमच्याकडे नव्हे. हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की टिकाऊपणासाठी पाक पुढे नेणे म्हणजे रुग्णाच्या कोठ्याचा विचार बाटलीच्या सोयीनंतर करणे होय. मध्यमपाकापर्यंत जलांश निघून जातो. वर्ती अग्नीवर धरली असता तडतड होत नाही, ही परीक्षा त्यासाठीच तर आहे. अवघड आहे ते नेमक्या क्षणी थांबणे. त्यासाठी कढईशी जाणता माणूस उभा राहावा लागतो, आणि असा माणूस महाग पडतो.

मूळ तुपाचेही तसेच. भैषज्यरत्नावलीतील घृतमूर्च्छना, म्हणजे हरीतकी, आमलकी, बिभीतक, मुस्ता, हरिद्रा व मातुलुंगरस यांचा संस्कार, किती ठिकाणी होतो? डब्यावर ९९.५ टक्के दुग्धस्निग्धांश व अर्ध्या टक्क्याहून कमी ओलावा असला की अन्नसुरक्षेच्या नियमात ते तूप शुद्ध ठरते. भेसळ रोखण्यासाठी हे आवश्यकच आहे. परंतु ते कोणत्या तापमानापर्यंत गेले होते हे त्या अंकांवरून कळत नाही. निर्मात्याने ते आधीच खरपाकी तूप घेतले आणि त्यावर आणखी एक पाक केला, तर रुग्णाच्या चमच्यात काय पोहोचते, याचे उत्तर आपणापैकी कोणापाशीही नाही.

आमची सूचना साधी व जवळजवळ बिनखर्चाची आहे. सिद्ध घृताच्या वेष्टनावर घटकद्रव्यांच्या खाली ‘पाक : मृदु / मध्यम / खर’ ही एक ओळ छापावी. ती छापावी लागेल म्हटल्यावर निर्मितीगृहात कोणीतरी कढईकडे पाहीलच. वैद्यांनीही चिठ्ठीवर घृताच्या नावापुढे पाक लिहिण्याची सवय करावी, म्हणजे मागणी आहे हे निर्मात्यांस कळेल. संघटनेच्या पुढील शास्त्रचर्चेत एकाच लोण्यापासून कढविलेल्या मृदु, मध्यम, खर व दग्ध अशा चार बरण्या मेजावर ठेवाव्यात आणि उपस्थितांनी नावे झाकून त्या ओळखाव्यात, असाही आमचा प्रस्ताव आहे. लोणी आम्ही आणू, कढविण्यास सूनबाई तयार आहेत.