भुईकोटातील बंदी आणि सेनिओकाठचा शिपाई

९ ऑगस्ट १९४२ च्या अटकसत्रानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले. त्यांत मौलाना आझाद, नेहरू व पटेल होते. शंकरराव देव होते. समाजवादी चळवळीचे आचार्य नरेंद्र देवही होते. ऐन महायुद्धात 'चले जाव' म्हणणे ही युद्धकार्याशी दगाबाजी होय, असा सरकारी प्रचार चालू होता. वस्तुतः स्वतंत्र भारत फॅसिझमविरुद्ध सर्व शक्तीनिशी उभा राहील, असे त्या ठरावातच म्हटले होते. विरोध होता तो १९३९ मध्ये जनतेला न विचारता तिला युद्धात लोटणाऱ्या राजवटीला. रणांगणावरील जवानाशी कोणाचे वैर नव्हते.

१९४५ च्या मार्चअखेरीस नेहरूंना या किल्ल्यातून हलवण्यात आले. त्यानंतर दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच ९ एप्रिलला इटलीतील सेनिओ नदीकाठी याच जिल्ह्यातील निमज गावच्या नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या शिपायाने दोन जखमींना गोळीबारातून, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकामागून एक सुखरूप बाहेर काढले. मग परत फिरून एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक परक्या राजाचे होते म्हणून त्या पराक्रमाला उणेपणा येत नाही. आणि त्याच राजाने कोंडलेले लोक त्या पराक्रमामुळे देशद्रोही ठरत नाहीत. एका जिल्ह्याच्या इतिहासात दोघेही सुखाने नांदतात.

आजच्या सत्ताधाऱ्यांना मात्र ते एकत्र नांदलेले खपत नाही. मे २०२५ मध्ये, 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत, पुण्यातील १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने सरकारवर टीका करणारा मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला. तो तिने लगोलग काढून टाकला, माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिचे नाव काढून टाकले आणि पोलिसांनी तिला तुरुंगात धाडले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला खडसावून तिची सुटका केली. एका मुलीच्या चार ओळींनी ज्या सैन्याचे मनोधैर्य खचेल, असे शासनाला वाटते, त्या सैन्याविषयी शासनाचे मत फारसे चांगले नसावे!

जवानाची कदर मोजायची तर ती त्याच्या घरी जाऊन मोजावी. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने चार वर्षांनंतर फार तर २५ टक्के जवानांना कायम ठेवण्याचे ठरवले. बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात, निवृत्तिवेतन मिळत नाही. कोरडवाहू गावातला शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत जातो तो देशप्रेमाने जातो, तसाच आईबापांना महिन्याकाठी खात्रीचा आधार मिळावा म्हणूनही जातो. हा आधार काढून घेणाऱ्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला सैन्यद्रोही म्हणावे, हा अजब न्याय आहे.

येत्या क्रांतिदिनी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी भुईकोटातील बंदीजनांबरोबर निमजच्या शिपायाचेही नाव घ्यावे, आणि अग्निवीरांच्या निवृत्तिवेतनाचा ठराव त्याच सभेत मांडावा.