खाडा वाचतो, मूत्रपिंडाचे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पहाटेपासून कोयता चालतो, डोक्यावर मोळी, कमरेत कळ. दुखतंय म्हणून बसावे तर खाडा पडतो आणि उचलीच्या हिशोबात पैसे कापले जातात. मग दुकानातून आणलेली गोळी चहाबरोबर घ्यायची आणि फडात उतरायचे, हाच मार्ग स्वस्त वाटतो.

शेतकरी बंधूंनो, ही गोळी शरीरात काय करते ते समजून घ्या. दुखऱ्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार करते. त्याने ठणका आणि सूज वाढते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे ते द्रव्य तयार होऊ देत नाहीत. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली हे दाखवून दिले. १९८२ साली नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते.

पण हेच द्रव्य जठराच्या अस्तराची राखण करते. अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तेच टिकवते. गोळीने कळ थांबते, तशी ही राखणही उठते. उपाशी पोट, डोक्यावर ऊन, प्यायला पाणी कमी आणि वर रोजची गोळी, असे जमले की जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना धोका जास्त. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत.

पॅरासिटामॉलची जात वेगळी. ते पोटाला सौम्य आहे. पण मात्रा जास्त झाली की यकृत बिघडवते. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपुढे जाता येत नाही. रोज दारू पिणाऱ्याची मर्यादा त्याहून कमी. अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, म्हणून दोन पाकिटे एकदम फोडू नका. डेंगीचा संशय असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळा, रक्तस्राव वाढतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली, पाय-तोंड सुजले, तर गोळी बंद करून सरळ दवाखाना गाठा.

नुसते ‘गोळ्या खाऊ नका’ म्हणून भागणार नाही. ग्रामपंचायतीने टोळ्या निघण्याआधी उपकेंद्रात रक्तदाब-साखरेची तपासणी लावावी. ज्यांच्या शेतात तोड आहे त्यांनी बांधावर पिण्याच्या पाण्याची सोय करावी. आणि मुकादमांनी आजारपणाचा दिवस खाड्यात धरू नये. खाड्याची भीती आहे, तोवर पाकीट कमरेलाच राहणार.